सोयाबीनला युरिया आवरा, घेवड्याला नत्र चुकवू नका

‘शेंगवर्गीय पिकाला नत्र द्यावे लागत नाही, ते हवेतून घेते’ असे आपण नेहमी ऐकतो. हे अर्धेच खरे आहे. सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, मिरज भागातील सोयाबीन आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा ही दोन्ही शेंगवर्गीय पिके. परंतु नत्राच्या बाबतीत दोघांचा स्वभाव वेगळा आहे. दोन्हींना एकाच मापाने खत दिल्यास सोयाबीनमध्ये पैसा वाया जातो आणि घेवड्यात उत्पादन घटते.

सोयाबीन
सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. त्यामुळे एक क्विंटल उत्पादनासाठी पीक साधारण ७ ते ८ किलो नत्र घेते. यातील निम्मे किंवा त्याहून अधिक नत्र मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतून मिळवून देतात. गाठी कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यापुरतेच सुरुवातीचे नत्र द्यावयाचे असते. पुढे युरिया टाकत राहिल्यास झाडाला आयते नत्र मिळते व गाठींचे काम मंदावते. पीक माजते, लोळते आणि किडींना आमंत्रण मिळते.

सोयाबीनसाठी हेक्टरी ५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ४५ किलो पालाश द्यावे. एकरी हिशोब असा : डीएपी ६५ किलो, युरिया १८ किलो व म्युरेट ऑफ पोटॅश ३० किलो. ही सर्व खते पेरणीच्या वेळी बियाण्याशी संपर्क न येता द्यावीत. माती परीक्षण केले असल्यास त्यानुसार मात्रा कमी-अधिक करावी.

वाघ्या घेवडा
२०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे पीक राजमा वर्गातील आहे. या वर्गात मुळांवर गाठी कमी येतात व त्यांचे कामही दुबळे असते. म्हणूनच उत्तर भारताच्या मैदानी भागात रब्बी राजम्याला हेक्टरी १०० ते १२० किलो नत्राची शिफारस आहे. आपले पीक पावसावरचे व कमी मुदतीचे असल्याने ती मात्रा जशीच्या तशी उचलू नये. मात्र नत्र दोन हप्त्यांत विभागून द्यावे : निम्मे पेरणीबरोबर व निम्मे २० ते २५ दिवसांनी, खुरपणीनंतर वाफशावर. दोन-तीन ओळींना दुसरा हप्ता न देता काढणीच्या वेळी तुलना करावी. आपल्या जमिनीची गरज आपणास स्वतःच कळेल.

जिवाणू संवर्धक
दोन्ही पिकांचे रायझोबियम वेगळे आहे. सोयाबीनचे पाकीट घेवड्याला उपयोगी पडत नाही. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे, बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व संवर्धकाची शेवटी करावी.

युरिया टाकण्यापूर्वी हे पाहा
१. पेरणीनंतर ३५ दिवसांनी चार-पाच ठिकाणची झाडे मुळे न तुटता खुरप्याने काढावीत. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी किंवा लालसर दिसल्यास ती काम करीत आहे. हिरवट किंवा राखाडी असल्यास निकामी समजावी.
२. खालची जुनी पाने पिवळी पडत असल्यास नत्राची कमतरता समजावी.
३. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असल्यास ती लोहाची कमतरता होय. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत असे वारंवार दिसते. येथे युरियाने काहीही साधत नाही. ०.५ टक्के फेरस सल्फेटची फवारणी करावी.
४. शेतात पाणी साचले असल्यास प्रथम चर काढावेत. गाठींतील जिवाणूंनाही हवा लागते.

४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. ही गोणी फोडण्यापूर्वी एक झाड उपटून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. खताचा निर्णय शेजाऱ्याच्या शेताकडे पाहून नव्हे, तर आपल्या पिकाच्या मुळांकडे पाहून घ्यावा.