आधी भार उतरव, मग मलम लाव

पोरी, उल्हासनगरात दवाखाना थाटतेस, म्हणजे मधुमेही पायाच्या जखमा रोज दारात येणार. रुग्ण त्याच जखमेवर चालत राहिला तर कितीही महागडं ड्रेसिंग वाया जातं. म्हणून भार कशाने उतरवायचा हे ठरवताना एवढं ध्यानात ठेव.

आधी नाडी, मग प्लास्टर. पावलाच्या वरची आणि घोट्यामागची, दोन्ही चाचप. मधुमेह्यांच्या रक्तवाहिन्या बऱ्याचदा कडक झालेल्या असतात, त्यामुळे घोट्याचा दाब उगाच चांगला दिसतो; शंका आली तर पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घे. जखमेत निर्जंतुक सळई घालून हाडाला लागते का बघ. रक्त कमी पोचतंय आणि संसर्गही जोरात आहे, तर आधी त्यांचा बंदोबस्त कर.

पाय बधिर, जखम तळव्याच्या पुढच्या किंवा मधल्या भागात, संसर्ग नाही, रक्त नीट पोचतंय? मग पहिली पसंती गुडघ्याखालपर्यंतच्या, रुग्णाला काढता न येणाऱ्या साधनाला. अंगाबरोबर बसणारं प्लास्टर भार सगळ्या तळव्यावर पसरवतं आणि काही पोटरीवर घेतं. ही विद्या आपल्याकडे कुष्ठरुग्णांच्या पायांवर घासून तयार झाली. वेल्लूरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि ती तिकडेही रुजवली.

काढता येणाऱ्या बुटावर फार विसंबू नकोस. 2003 मध्ये संशोधक आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची पावलं मोजली, तर दिवसभरातल्या जेमतेम 28 टक्के पावलांना बूट पायात होता. आपल्याकडे तर पादत्राण उंबऱ्याबाहेरच राहतं, आणि बधिर पाय दुखून आठवण करून देत नाही. बूट दिलासच तर वरून प्लास्टरचे वेढे दे, म्हणजे निघणार नाही.

धंदा विचारल्याशिवाय साधन ठरवू नकोस. रिक्षावाल्याचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. त्या पायाला प्लास्टर म्हणजे गाडी बंद. घर कसं चालेल ते त्याच्या बायकोसमोर बोलून घे. जीन्स शिवणाऱ्याला कोणत्या पायाने पेडल दाबतो ते विचार. लोकलचा पूल चढणाऱ्या आजींचा तोल बघ, हातात काठी दे आणि दुसऱ्या पायाच्या चपलेचा तळ तेवढाच उंच करून घे.

पहिलं प्लास्टर दोन-तीन दिवसांत बदल. सूज उतरली की ते सैल होऊन घासतं. पुढे आठवड्याला. बदलापूरच्या पावसात फायबरचं बरं, तरी आत पाणी जाता कामा नये. ताप, वास किंवा कळ आली तर त्याच दिवशी ये, असं बजावून सांग.

प्लास्टर जमत नसेल तर नीट बसणाऱ्या चपलेबरोबर फेल्टेड फोम लाव, पण तो दबतो, म्हणून वेळेवर बदल. वाकड्या बोटाच्या टोकावर जखम असेल तर शल्यविशारदाला दाखव. छोट्या छेदातून स्नायूबंध सोडवला की बोट सरळ होतं आणि जखम भरते.

भरली म्हणून सोडून देऊ नकोस. वर्षभरात सुमारे 40 टक्के जणांना पुन्हा जखम होते. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चपला घरातही घालायला लाव, आणि दर भेटीत मोजे उतरवून दोन्ही तळवे स्वतः बघ.