नालीत काय सोडावे, काय सोडू नये : कायदा काय सांगतो?

आपल्या घरातून पाणी तीन वाटांनी बाहेर पडते. मोरी-न्हाणीचे सांडपाणी, संडासाचे मैलापाणी आणि छपरावरचे पावसाचे पाणी. वस्तीत बहुतेक ठिकाणी या तिन्ही वाटा दारासमोरच्या एकाच उघड्या नालीला येऊन मिळतात. नाली नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची, तेव्हा तिच्यात काहीही सोडले तरी चालते, असे आपण धरून चालतो. तसे नाही. नालीत काय जावे आणि काय जाऊ नये याचे कायदे आहेत. ते आपल्यावर बंधन घालतात, तसेच नगरपरिषदेवर, दवाखान्यावर आणि कारखान्यावरही घालतात. म्हणून आपले चुकते कुठे हेही कळले पाहिजे आणि दुसऱ्याला जाब कुठे विचारायचा हेही.

सर्वांत आधी संडासाचे बोलू, कारण तिथला कायदा सर्वांत कडक आहे आणि तोच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे.

हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम, 2013 असे त्याचे लांबलचक नाव. तो लागू झाला 6 डिसेंबर 2013 रोजी. ही तारीख आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. या कायद्यात 'अस्वच्छ शौचालय' कशाला म्हणायचे हे लिहून ठेवले आहे. मैला पूर्ण कुजून जाण्याआधी तो माणसाला हाताने काढावा लागतो, मग तो संडासातूनच असो, खड्ड्यातून असो की ज्या उघड्या नालीत तो वाहून जातो त्या नालीतून असो, ते शौचालय अस्वच्छ. संडासाला छान टाइल्स लावल्या, दार बसवले, नळ दिला, पण मागचा पाइप थेट नालीत सोडला, तर कायद्याच्या नजरेत तो अस्वच्छ शौचालयच आहे. असा संडास बांधायला बंदी आहे, आणि असलेला पाडणे किंवा सुधारणे ही घरमालकाची किंवा राहणाऱ्याची जबाबदारी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण याच कायद्याने स्थानिक संस्थेवरही काम टाकले आहे. आपल्या हद्दीत असे संडास किती आहेत याची पाहणी तिने करायची आणि जिथे ते सापडतील तिथे पुरेशी सार्वजनिक स्वच्छ शौचालये बांधायची. तेव्हा 'तुमचा पाइप बंद करा' एवढे सांगून नगरपरिषद मोकळी होऊ शकत नाही. ज्या घराला खड्डा खणायला हातभर जागा नाही, त्याने काय करायचे, हा प्रश्न तिने सोडवायचा आहे.

सेप्टिक टाकी आहे म्हणजे आपण सुटलो असेही नाही. टाकीत मैला खाली बसतो, जंतू तो कुजवतात आणि वरचे पाणी बाहेर पडते. ते दिसायला निवळ असते, पण त्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी असतात. म्हणून ते शोषखड्ड्यात किंवा भुयारी गटारात, ज्याला आपण गडर लाइन म्हणतो, तिथे गेले पाहिजे. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. आपल्याकडे मात्र ती एकदा बांधली की वर स्लॅब टाकतात, त्यावर ओटा काढतात आणि पंधरा वर्षे तिकडे कुणी बघत नाही. गाळाने भरलेली टाकी टाकीच राहत नाही. एका बाजूने आलेला मैला दुसऱ्या बाजूने तसाच बाहेर जातो. नवी टाकी बांधणाऱ्यांनी झाकण उघडता येईल अशी जागा ठेवावी आणि उपशाची गाडी निदान पाइप टाकण्याइतकी जवळ येईल हे पाहावे. जागा कमी असेल तर दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त पडतो. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला किमान दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा. मग त्यातला मैला खत होतो. फक्त न्हाणीचे पाणी त्यात सोडू नये. आपली काळी माती पाणी लवकर शोषत नाही, त्यामुळे खड्ड्याच्या भिंतीभोवती वाळू किंवा मुरूम भरून घ्यावा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर खड्डा जितका दूर नेता येईल तितका न्यावा.

टाकीत माणूस उतरवू नका

टाकी तुंबली की आपण कुणाला बोलावतो? ठरलेल्या मोहल्ल्यातला ठरलेला माणूस. पाचशे-हजार रुपये आणि वर थोडे दारूला. त्याच 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधने न देता गटार किंवा सेप्टिक टाकी माणसाकडून साफ करून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. तो नगरपरिषदेला लागू आहे, ठेकेदाराला लागू आहे आणि आपल्यासारख्या घरमालकालाही लागू आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा पाच वर्षे, पाच लाख. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. भुयारी गटारात माणूस उतरवणे अगदीच अटळ झाले, तर मुख्याधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदवून परवानगी द्यावी लागते. तोंडी हुकूम चालत नाही.

बंद टाकीत मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. माणसाला वाटते वास गेला, आता ठीक आहे, आणि दोन-तीन श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रात एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या येतात त्या अशा. कुणी आत पडला तर मागे उडी मारू नये. झाकणे उघडावीत, आरडाओरड करून माणसे जमवावीत, अग्निशमन दलाला आणि 108 ला फोन करावा. दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढावे.

अशा मृत्यूनंतर कुटुंबाला नुकसानभरपाईचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती रक्कम 30 लाख केली, आणि कायमचे अपंगत्व आल्यास 20 लाख. ठेकेदार घरी येऊन लाख-दोन लाख हातावर ठेवतो आणि कागदावर अंगठा घेतो, तेव्हा हे आकडे माहीत असलेला एक तरी माणूस त्या घरात हवा.

इथे थोडे बाजूला जाऊन बोलतो. सेवाग्राम-पवनारच्या आपल्या जिल्ह्यात मैलासफाईचा सेवा म्हणून पुष्कळ गौरव झाला. बाबासाहेबांनी 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या 1945 च्या ग्रंथात अशा गौरवाचा परखड समाचार घेतला आहे. काम एका जातीच्या माथी मारून त्याला पवित्र म्हणण्याने ते काम करणाऱ्याचे काही भले होत नाही. आपण हे वाचतो, भाषणात सांगतो. मग आपल्या टाकीसाठी त्याच मोहल्ल्यातला माणूस का शोधतो? नगरपरिषदेकडे उपशाची गाडी असते, खाजगी गाड्याही मिळतात. दोन-तीन घरांनी मिळून बोलावली तर खर्च वाटला जातो.

मोरीतून काय जाऊ नये

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, नालीत किंवा पाण्याच्या साठ्यात कचरा टाकायला प्रत्येकाला मनाई केली. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. ते संडासात गेले की पाण्याने फुगतात आणि पाइपच्या वळणावर बुचासारखे बसतात. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर सुया आणि मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा आहे. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात जमवाव्यात आणि घंटागाडीवाल्याला सांगून वेगळ्या द्याव्यात. नालीतला गाळ फावड्याने निघतो, पण कचरा पुष्कळदा हातानेच उचलला जातो, आणि सुई त्या हातात घुसते.

तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. हिवाळ्यात ते पाइपमध्ये थिजते, त्याला खरकटे आणि केस चिकटतात. जुन्या कागदाने कढई पुसून तो कागद ओल्या कचऱ्यात टाकला की झाले.

ॲसिडचे मात्र गंभीर आहे. संडास पांढरा दिसावा म्हणून दर आठवड्याला अर्धी बाटली ॲसिड ओतणारी घरे आहेत. त्याने टाकीतले मैला कुजवणारे जंतू मरतात आणि टाकी लवकर भरते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो छातीला लागतो. पुढे नालीत किंवा चेंबरवर कुणी काम करत असेल तर आपण ओतलेले त्याच्यापर्यंत पोहोचते. ब्रश आणि साबणाच्या पाण्याने संडास साफ होतो. थोडा जोर लागतो, एवढेच.

हत्तीपाय आणि नाली

वर्धा जिल्हा हत्तीपायाच्या, म्हणजे फायलेरियाच्या पट्ट्यात येतो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर वर्षानुवर्षे संशोधन झाले आहे. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास स्वच्छ पाण्यापेक्षा घाण, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. तुंबलेली नाली, उघडे चेंबर, सेप्टिक टाकीचा वरचा उघडा पाइप ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा दारासमोरची नाली वाहती आहे ना हे पाहावे. टाकीच्या हवेच्या पाइपला बारीक जाळी किंवा जुन्या मच्छरदाणीचे कापड बांधावे, खर्च काहीच नाही. डास मरावेत म्हणून गॅरेजमधले जळके ऑइल नालीत ओतण्याची सवय मात्र सोडावी. वाहत्या नालीत ते थांबत नाही, पुढे नदीत जाते. आशाताई डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या घेऊन येतात तेव्हा त्या त्यांच्यासमोरच खाव्यात, डब्यात ठेवू नयेत. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.

दुकान, दवाखाना, कारखाना

धंद्याच्या पाण्याला वेगळे नियम आहेत. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याने विषारी किंवा घातक द्रव्य जाणूनबुजून नदीत, विहिरीत, जमिनीवर आणि गटारातही सोडायला मनाई केली आहे. कारखान्याला सांडपाणी सोडायचे तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. दवाखान्याने आपले रासायनिक आणि जंतुयुक्त पाणी आधी निर्जंतुक करायचे असते. गॅरेजचे जळके ऑइल हा घातक कचरा आहे, तो परवानाधारकालाच विकायचा. बॅटरीचे ॲसिड नालीत ओतायला तर साफ मनाई आहे.

पर्यावरण संरक्षण नियमांत कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आकडे दिले आहेत. सार्वजनिक गटारात सोडायच्या एक लिटर पाण्यात तेल-ग्रीस 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. हजार लिटरच्या टाकीत जेमतेम चार लहान चमचे तेल, एवढे हे प्रमाण. तरंगणारा गाळ 600 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आणि पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू ओढून घेते, ज्याला बीओडी म्हणतात, तो 350 पर्यंत. नदीत सोडायचे असेल तर हेच आकडे 10, 100 आणि 30 होतात.

गटाराला इतकी सूट का? कारण पुढे शुद्धीकरण केंद्र आहे असे धरलेले आहे. आणि नियमांतली सर्वांत कामाची ओळ हीच आहे : गटाराच्या टोकाला जैविक प्रक्रिया करणारे शुद्धीकरण केंद्र नसेल, तर त्या गटारात सोडलेले पाणी नदीत सोडले असेच धरायचे. वर्धा शहरात अमृत योजनेतून भुयारी गटाराची कामे निघाली, पण जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांची नाली अजून सरळ नाल्याला मिळते. नाल्याचे पाणी नदीत जाते, धाम वणेला मिळते आणि वणा वर्धेला. पवनार आणि येळाकेळीला धामेचेच पाणी उचलून वर्धेकरांच्या नळाला येते. हिंगणघाट वणेच्या काठी, पुलगाव वर्धेच्या काठी. वरच्या गावाची नाली ही खालच्या गावाची विहीर असते. म्हणून कुठल्या कारखान्याने 'आम्ही नदीत नाही, नालीत सोडतो' असे उत्तर दिले, तर त्या नालीच्या टोकाला काय आहे हे विचारावे.

तक्रार तोंडी करू नये. नाली तुंबली, चेंबर उघडे आहे किंवा वस्तीला शौचालय हवे असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्याच्या नावाने, गावात असाल तर ग्रामपंचायतीकडे द्यावा. वीस-पंचवीस घरांच्या सह्या घ्याव्यात, त्यात बायांच्या सह्या असाव्यात, कारण नालीजवळ दिवसभर त्याच असतात. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती विहारातल्या फायलीत ठेवावी. रस्त्यावर भुयारी गटार आले असेल तर जोडणीचा अर्ज लेखीच करावा. जोडणी देणे ही लोकसेवा हक्क कायद्याखालची सेवा आहे आणि तिला मुदत ठरलेली आहे. कारखान्याच्या किंवा दवाखान्याच्या पाण्याबद्दलची तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे पाठवावी. त्यात पाणी कोणत्या वेळी सोडतात, रंग आणि वास कसा आहे, ते कोणत्या नाल्याला मिळते हे लिहावे. असे पाणी बहुधा रात्री किंवा पाऊस सुरू असताना सोडतात. फोटो त्याच वेळी काढावा, पण बाटलीत नमुना भरायला हात घालू नये. नमुना घेणे मंडळाच्या माणसाचे काम आहे, आणि त्याने घेतलेलाच कोर्टात टिकतो.