निकलच्या कणावर काय घडतें?

दीपनगरच्या विद्युत्केंद्राच्या उंच चिमण्या आमच्या मुलांस लहानपणापासून परिचित आहेत. कोळशाच्या वाघिणी तिकडे जातात. तेथील संचांपैकीं दोन प्रत्येकीं 500 मेगावॉटचे आहेत. कोळसा जळून झालेला कार्बन डायऑक्साइड वायु चिमणीवाटे आकाशांत जातो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरची चूल तेथील किंवा रेल्वेच्या पगारावर पेटते, म्हणून या विषयाकडे आम्ही केवळ पुस्तकी कुतूहलानें पाहत नाहीं.

एकदां वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "सर, एकदां जळून गेलेला कोळसा पुन्हां जाळतां येईल काय?" वर्ग हंसला. आम्ही मात्र हंसलों नाहीं, कारण जगांतील अनेक प्रयोगशाळा सध्यां हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत आहेत.

कार्बन डायऑक्साइडचा एक रेणु आणि हायड्रोजनचे चार रेणु एकत्र आले, तर मिथेनचा एक रेणु व पाण्याचे दोन रेणु होतात. मिथेन म्हणजे गोबरगॅसमध्यें जळणारा तोच वायु. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबात्ये यांनीं 1902 सालीं ही क्रिया निकल धातूच्या साहाय्यानें घडवून दाखविली. धातूंच्या सूक्ष्म चूर्णाच्या मदतीनें हायड्रोजन जोडण्याच्या त्यांच्या पद्धतीबद्दल त्यांस 1912 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हें निकल खानदेशाला अपरिचित नाहीं. आज संगणकाच्या व्यवसायामुळें जगभर ठाऊक असलेल्या विप्रो कंपनीचा आरंभ 1945 सालीं अमळनेर येथें वनस्पति तुपाच्या कारखान्यानें झाला. पातळ तेलाचें घट्ट तूप होतें तें हायड्रोजन जोडल्यानें, आणि तो जोडण्याचें काम निकलचें चूर्ण करतें. काम आटोपल्यावर निकल गाळून काढतात. तें तुपांत राहत नाहीं. स्वतः न खपतां क्रियेला वेग देणाऱ्या अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

निकल नेमकें करतें काय? आमच्या जंक्शनचें उदाहरण घ्या. मुंबई, नागपूर, खंडवा अशा दिशांनीं उतारू येतात, फलाटावर उतरतात, आपली जुनी सोबत सोडतात, नवी जोडतात आणि दुसऱ्या गाडीनें निघून जातात. स्टेशन जागचें हलत नाहीं. पण तें नसतें, तर ही अदलाबदल झालीच नसती. हायड्रोजनच्या रेणूंतील दोन अणु एकमेकांस घट्ट धरून असतात. निकलच्या पृष्ठभागावर उतरतांच त्यांची ताटातूट होते आणि ते सुटे अणु नव्या जोडीदारास मिळतात. उतारू निघून गेलेच नाहींत तर फलाट तुंबतो, तसा उत्प्रेरकही तुंबतो. कार्बनची काजळी निकलवर बसली कीं काम थांबतें.

अडचण अशी कीं, कार्बन डायऑक्साइड हा मोठा आळशी वायु आहे. त्याला हलवावयास निकलसुद्धां सामान्यतः 300 ते 400 अंश सेल्सियसपर्यंत तापवावें लागतें. येथें प्लाझ्मा उपयोगी पडतो. वायूंतून वीज खेळविली म्हणजे कांहीं रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा विद्युन्मय वायूस प्लाझ्मा म्हणतात. आकाशांतील वीज हा प्लाझ्माच, आणि घरची ट्यूबलाइटही प्लाझ्माच. ट्यूबलाइटच्या आंतील इलेक्ट्रॉनांचें तपमान दहा हजार अंशांच्या आसपास असतें, तरी नळी हाताला कोमटच लागते. हलके इलेक्ट्रॉन अतिशय वेगानें धांवतात, जड रेणु त्या मानानें थंड राहतात. प्रयोगशाळेंत कांचेच्या नळीमध्यें निकलचे दाणे भरतात, मध्यें धातूची कांब व बाहेर जाळी बसवितात, आणि कित्येक हजार व्होल्टचा उलटसुलट वाहणारा प्रवाह देतात. जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनीं 1857 सालीं ओझोन करण्यासाठीं योजिलेली नळी याच जातीची होती. इलेक्ट्रॉनांच्या धडकेनें आळशी रेणु थरथरूं लागतो किंवा भंगतो, आणि त्या स्थितींत निकलवर उतरतो.

मौजेची गोष्ट ही कीं, प्लाझ्मा हें नांव 1928 सालीं ज्यांनीं दिलें, त्याच अर्व्हिंग लँगम्यूर यांस पृष्ठभागावरील रसायनाच्या संशोधनाबद्दल 1932 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

पण उतरल्यावर काय होतें, याविषयीं वाद आहे. एक मत असें कीं, दोन्ही पक्ष निकलवर बसतात आणि तेथेंच त्यांची गांठ पडते. दुसरें मत असें कीं, एक पक्ष बसलेला असतो आणि दुसरा वरून येऊन त्याच्यावर थेट आदळतो. जणूं चालत्या गाडींतून उडी टाकून फलाटावरील मनुष्यास गांठावें. (मुलांनीं याचें अनुकरण करूं नये.) शिवाय निकलचा बराचसा भाग दाण्यांच्या अतिसूक्ष्म छिद्रांत दडलेला असतो. तेथें ठिणगी शिरत नाहीं आणि भंगलेले कण अल्पायुषी असल्यानें आंत पोहोंचण्यापूर्वींच नाहींसे होतात. म्हणजे महागडें निकल पुष्कळ घातलें तरी त्यांतील थोडेंच कामास येईल, हा धोका आहे.

याची परीक्षा करण्याची रीत आम्हांस फार शिकण्यासारखी वाटते. एका नळींत नुसता प्लाझ्मा चालवितात. दुसरींत प्लाझ्माबरोबर कांचेच्या मण्यांसारखे निष्क्रिय दाणे घालतात. तिसरींत निकल घालून केवळ उष्णता देतात. चौथींत निकल व प्लाझ्मा दोन्ही. चौथीचें फळ इतरांच्या बेरजेहून अधिक आलें, तरच खरी भागीदारी झाली असें म्हणतां येतें. त्यांतही प्लाझ्मा स्वतः नळी तापवितो, तेव्हां तपमान सारखें राखलें नाहीं तर उष्णतेचें श्रेय विजेला दिलें जातें. इन्फ्रारेड किरण निकलवर टाकून तेथें कोणते रेणु बसले आहेत तेंही ओळखतात, कारण प्रत्येक रेणूचें कंपन निराळें. कधीं नेहमींच्या कार्बनऐवजीं किंचित् जड असा कार्बन-13 वापरतात आणि तो शेवटीं कोठें निघतो यावर पाळत ठेवतात.

आतां जमाखर्च पाहूं. एक किलो मिथेनसाठीं पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड व अर्धा किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढण्यास सुमारें 50 युनिट वीज खर्चते. म्हणजे अर्ध्या किलोस 25. आणि तें एक किलो मिथेन जाळून मिळणारी उष्णता सुमारें 14 युनिटांइतकीच! प्लाझ्माची वीज याहून वेगळी. तेव्हां दीपनगरचीच वीज घेऊन दीपनगरचा धूर परत इंधन करणें हा निव्वळ आंतबट्ट्याचा व्यवहार होय. हा खटाटोप शोभतो तो दुपारच्या जास्तीच्या सूर्यविजेवर. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील शिवाजीनगर येथें 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ऊन मावळलें कीं असल्या प्रकल्पाची वीज थांबते. वायु मात्र टाकींत सांठवून रात्रीं जाळतां येतो. तोटा किती सोसावा लागेल, हें इलेक्ट्रॉनांच्या किती धडका निकलवर कामीं येतात आणि किती वाया जातात यावर पुष्कळसें अवलंबून आहे. सध्यां तरी या नळ्या बहुतेक प्रयोगशाळांच्या मेजांवरच आहेत.