अर्डुइनोच्या पिना आणि तलावाचें पाणी

ज्या वस्तूचा प्रत्येक भाग एकच काम करतो, ती वस्तु समजावयास सोपी असते. बैलगाडीचें चाक फिरतें, जूं बैलांच्या मानेवर बसतें, आणि त्यांनीं आपलीं कामें आपसांत बदलल्याचें कोणीं पाहिलें नाहीं. परंतु २०१६ सालीं अटल टिंकरिंग लॅबची योजना निघाल्यापासून ज्या लहानशा निळ्या बोर्डाशीं अनेक शाळांतील विद्यार्थ्यांचा परिचय झाला आहे, त्या अर्डुइनोची गोष्ट निराळी आहे. तेथें एकाच पिनेकडे दोन दोन, तीन तीन कामें सोंपविलेलीं असतात. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२ व्या अध्यायांत शरीर एक व अवयव अनेक असा दृष्टांत आहे. येथें अवयव एक आणि कामें अनेक! म्हणून कोणती पिन कोणतें काम करणार, हें न ठरवितां तारा जोडूं लागणें म्हणजे वेळापत्रक न करितां शाळा भरविण्यासारखें आहे.

अर्डुइनोचा जन्म २००५ सालीं इटलींतील इव्हरेआ या गांवीं झाला. 'उनो' हा त्याचा प्रसिद्ध नमुना २०१० सालचा. त्याच्या एटीमेगा ३२८पी या चिपेचें काम इतकेंच कीं, पिनेवरील विजेचा दाब पाहावा, दिलेल्या आज्ञांप्रमाणें हिशेब करावा आणि दुसऱ्या पिनेवर वीज सोडावी अगर बंद करावी. ० ते १३ या १४ पिना डिजिटल होत. त्यांना ५ व्होल्ट किंवा शून्य एवढीच भाषा कळते. ए० ते ए५ या ६ पिना मधल्या पायऱ्याही ओळखतात, आणि ० ते ५ व्होल्टांमधील दाब ० ते १०२३ या आंकड्यांत सांगतात. प्रसंग पडल्यास त्याही डिजिटल पिनांचें काम करतात. कोणत्याही पिनेकडून २० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह मागूं नये. पाण्याचा पंप थेट पिनेला जोडूं पाहणारा विद्यार्थी दरवर्षीं एक तरी निघतोच; त्यानें मध्यें रिले घालावा. २०२३ सालीं निघालेल्या उनो आर४ या नव्या बोर्डाची पिन तर केवळ ८ मिलिअँपिअर सोसते, हें विसरूं नये.

आतां आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीकडील एक काम घेऊं. येथील भातशेतीचा आधार म्हणजे जुने मालगुजारी तलाव. मालगुजारी गेली, तलाव राहिले. अशा एखाद्या तलावांत पाणी किती आहे, हें दर तासाला मोजून लिहून ठेवणारें यंत्र आपणांस करावयाचें आहे असें समजा.

प्रथम ज्यांच्या जागा ठरलेल्या आहेत त्यांना बसवावें, आणि ज्यांना कोठेंही चालतें त्यांना मागून. ० व १ या पिना एकास एक अशा संभाषणाच्या आहेत: एक ऐकते, दुसरी बोलते. म्हणून दोन यंत्रें जोडतांना एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं, अशी तारांची फुली करावी लागते. परंतु याच पिनांवरून संगणकही बोर्डाशीं बोलतो, आणि तेथें दुसरें कांहीं जोडलेलें असल्यास आज्ञा बोर्डांत उतरत नाहींत. त्या मोकळ्या ठेवणेंच शहाणपणाचें.

जंगलांतील कित्येक गांवीं मोबाईलची लहर पोंचत नाहीं, तेव्हां नोंदी मेमरी कार्डावर लिहाव्यात. कार्डाची पद्धति एसपीआय. तिला चार तारा लागतात: ११ वरून माहिती जाते, १२ वरून येते, १३ ताल धरते, आणि १० या पिनेनें 'आतां तूं बोल' असें कार्डाला सांगावयाचें. १३ वर बोर्डाचा स्वतःचा दिवाही असल्यामुळें त्या दिव्यावर आतां आपला हक्क राहत नाहीं. शिवाय कार्ड ३.३ व्होल्टांचें आहे. दाब उतरविणाऱ्या मॉड्यूलमधूनच तें जोडावें.

वेळ सांगण्यासाठीं डीएस३२३१ हें घड्याळ घ्यावें. तें आय-टू-सी पद्धतीनें बोलतें. ही पद्धति फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो याच सालीं. तिला दोनच तारा पुरतात, ए४ व ए५. मात्र दोन ॲनालॉग पिना गेल्या. या दोन तारांवर अनेक यंत्रें राहूं शकतात, कारण प्रत्येकाला हजेरीपटाप्रमाणें क्रमांक असतो. घड्याळाचा १०४. पण एमपीयू६०५० या हालचाल ओळखणाऱ्या यंत्राचाही क्रमांक १०४ च! एकाच क्रमांकाला दोघांनीं 'हजर' म्हटल्यावर जो घोटाळा होतो तोच येथें होतो. त्याच्या एका पायाला वीज दिली म्हणजे तो १०५ होतो व भांडण मिटतें.

उरलें पाणी मोजणें. एचसी-एसआर०४ हें यंत्र पाण्याच्या वर टांगावें. तें माणसाला ऐकूं न येणारा ध्वनि सोडतें, आणि प्रतिध्वनि परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतें. त्याला कोणत्याही दोन डिजिटल पिना चालतात. ७ व ८ देऊं.

परंतु येथें एक फसवणूक आहे, आणि ती नेमकी आपल्याच हवेंतील आहे. २० अंश उष्णतेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. मे महिन्यांतील चंद्रपूरच्या ४५ अंशांत तो सुमारें ३५८ मीटर जातो. प्रतिध्वनि लवकर परतल्यामुळें ३ मीटर खालीं असलेलें पाणी यंत्राला सुमारें १३ सेंटिमीटर वर भासतें. म्हणजे पाणी आटत असतें त्याच दिवसांत वहींत तलाव भरलेला दिसावयाचा, आणि त्या आंकड्यावर कोणीं विसंबून पाणी सोडलें तर शेवटच्या बांधीला तें पोंचणार नाहीं. यासाठीं डीएस१८बी२० हा उष्णतामापक सावलींत, पण पेटीबाहेर बसवून २ या पिनेला जोडावा आणि ध्वनीची गति दर वेळीं त्यावरून काढावी. घड्याळाच्या पोटांतही उष्णतामापक असतो खरा, परंतु तो उन्हांत तापलेल्या पेटीची उष्णता सांगतो, हवेची नव्हे.

येणेंप्रमाणें २० पैकीं ११ पिना गुंतल्या, ९ राहिल्या. त्यांपैकीं ए० वर बॅटरीचा दाब पाहावा. बॅटरी १२ व्होल्टांची आणि पिन ५ व्होल्टांची, म्हणून २० व १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ओळीनें जोडून १० किलोओहमच्या रेझिस्टरवरील दाब घ्यावा. तो ४ व्होल्ट भरेल. राहिलेल्या ८ पिना मोकळ्या असूं द्याव्यात. तलावावर पाऊस मोजण्याचें यंत्रही हवें अशी मागणी पुढील पावसाळ्यांत कोणी ना कोणी करणारच.