कॉम्प्युटर दाखवू नका, हातात द्या: दुकानातल्या माणसाला शिकवायची सोपी पद्धत



आजचा विषय विक्रीचा नाही, शिकवण्याचा आहे. पण शेवटी तो गल्ल्यापर्यंतच येतो.

बहुतेक दुकानांत कॉम्प्युटर असतो आणि तो चालवणारा माणूस एकच असतो, म्हणजे तुम्ही. नवीन मुलगा किंवा ताई कामाला लागली की आपण म्हणतो, "बाजूला उभं राहून बघ, येईल हळूहळू." पंधरा दिवस ते बघतात, मान डोलावतात. मग एक दिवस तुम्हाला लग्नाला किंवा दवाखान्यात जावं लागतं आणि दर दहा मिनिटांनी फोन वाजतो: "दादा, हे बिल कॅन्सल कसं करायचं?"

माणूस मठ्ठ नसतो. शिकवायची पद्धत चुकलेली असते.

बघितलं म्हणजे आलं, असं का वाटतं?

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्या भाषेत सांगायचं तर, बघून "समजलं" असं वाटतं ते त्या दिवसापुरतं. आठवड्याने काउंटरवर उपयोगी पडतं ते, जे आपण स्वतः डोक्यातून बाहेर काढलेलं असतं. हे आमच्या व्हिडिओलाही लागू आहे बरं का! नुसता बघून बंद केलात, तर उपयोग थोडाच.

एक्सेलची कल्पना वर्गातच सुचली

१९७८ च्या सुमारास हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. सर फळ्यावर धंद्याचं गणित मांडायचे. एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून परत लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हे आपोआप का होऊ नये? त्यातून त्याने बॉब फ्रँकस्टनबरोबर व्हिजिकॅल्क बनवलं. ते १९७९ साली ॲपल टू कॉम्प्युटरवर आलं. आजचं एक्सेल त्याच वळणाचं आहे.

म्हणून एक्सेलला फक्त यादी ठेवायची वही समजू नका. "हे बदललं तर काय होईल?" हे विचारायचा तो फळा आहे.

धडा पहिला: सुटीचं नाही, सवलतीचं गणित

तुमच्या माणसाला समोर बसवा. माउस त्याच्या हातात, तुमचे हात मागे. एका ओळीत सहा रकाने करायला सांगा. नावं मराठीतच टाका.

१. ए: खरेदी भाव – ८०
२. बी: छापील भाव – १००
३. सी: सवलत टक्के – ०
४. डी: विक्री भाव – (१०० वजा सी) गुणिले बी, भागिले १००
५. ई: एका नगावर नफा – डी वजा ए
६. एफ: २००० रुपये नफ्यासाठी लागणारे नग – २००० भागिले ई

सूत्राच्या आधी बरोबरचं चिन्ह, गुणाकाराला स्टार, भागाकाराला तिरपी रेघ. जीएसटी आणि दुकानाचा खर्च सध्या बाजूला ठेवा. सवलत शून्य असताना एफमध्ये १०० येतील.

आता खरा शिकवण्याचा भाग. सीमध्ये १० टाकायच्या आधी विचारा: "१० टक्के सोडले तर तेवढाच नफा मिळवायला किती नग विकावे लागतील?" उत्तर कागदावर लिहायला लावा. बरेच जण ११० लिहितात. मग एंटर दाबायला सांगा.

उत्तर येतं २००.

विक्री भाव ९० झाला, नफा २० वरून १० वर आला. भाव १० टक्के उतरला, नफा अर्धा झाला. १५ टक्के टाका, ४०० नग. २० टाका, आकडाच येत नाही, एरर येते. कारण नफा शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही. कितीही नग विका, ते २००० येणार नाहीत. ही एरर पुसू नका, तीच समजावून सांगा.

सवलत देऊच नये असं नाही. पडून राहिलेला माल काढायला द्यावी लागते. पण "दादा, शंभर रुपये कमी करा" म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस काय सोडतोय, हे त्याला माहीत पाहिजे. अंदाज लिहून तो स्वतः चुकला, म्हणून हे त्याच्या लक्षात राहतं.

धडा दुसरा: चुकायला एक खोटं दुकान

खऱ्या हिशेबावर शिकवलं की दोघंही घाबरतात. त्यापेक्षा सरावासाठी वेगळी कंपनी उघडा. टॅलीमध्ये लायसन्स न घेता एज्युकेशनल मोड वापरता येतो. त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण सरावाला तेवढं पुरतं. दुसरं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर त्यातही डमी कंपनी उघडता येते का, विक्रेत्याला विचारा.

रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना २० मिनिटं द्या:

- पहिले दोन दिवस: रोखीची आणि यूपीआयची बिलं
- पुढचे दोन दिवस: उधारी आणि उधारीची वसुली
- पाचवा दिवस: माल परत आला, बिल रद्द करायचं
- सहावा दिवस: तुम्ही मुद्दाम एक चूक घाला. रोखीचं ३०० चं बिल यूपीआयमध्ये टाका. मग विचारा, "यूपीआयला ३०० कमी आणि गल्ल्यात ३०० जास्त का?"

चूक शोधायला जमली की समजा माणूस तयार झाला. तो अडला तर लगेच माउस ओढून घेऊ नका. विचारा, "काल हे कुठून केलं होतंस?" आठवू द्या.

कॉम्प्युटर काय शिकवत नाही

कापडाचा पोत, धान्याचा दाणा, उधारी कोणाला द्यायची, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे तुमच्या शेजारी उभं राहूनच येतं. आणि लाइट गेल्यावर हाताने बिल करता आलं पाहिजे, तेही शिकवा.

"शिकवलं आणि सोडून गेला तर?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. खरं आहे, जाऊ शकतो. पण न शिकवता तो राहिला, तर तुम्हाला दुकान सोडून कुठेच जाता येणार नाही. त्याला त्याचं वेगळं लॉगिन द्या, खरेदी भाव आणि बँकेचे पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि बाकीचं मोकळेपणाने शिकवा.

या आठवड्याचा होमवर्क: सहा रकान्यांचा तक्ता तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूवर करा. आधी तुमचा अंदाज लिहा, मग एंटर. त्यानंतर तोच तक्ता तुमच्या माणसाकडून, त्याच्या हाताने करून घ्या.