पोर्तुगीजांची शिक्षा, भारताची पेन्शन: खर्च किती?

घरात ‘त्रिबुनाल मिलितार’ (लष्करी न्यायालय) असं लिहिलेले जुने पोर्तुगीज कागद असतील, तर जपून ठेवा. लॅमिनेशनही करू नका. पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने गोवा मुक्तिसंग्रामातल्या सैनिकाला दिलेली शिक्षा केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी डाग नसून पुरावा आहे. ती रद्द करून घ्यावी लागत नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर दार दाखवा.

गल्लत होते ती मुदतीत. शिक्षा किती ठोठावली यापेक्षा तुरुंगात किती काळ गेला हे पाहिलं जातं. सत्याग्रही ना. ग. गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली होती, पण पोर्तुगीजांनी 1957 च्या सुरुवातीला भारतीय सत्याग्रहींना माफी देऊन सोडलं. मुक्तिसैनिक मोहन रानडे यांना 26 वर्षांची झाली, ते 1969 मध्ये सुटले. लवकर सुटल्याने दावा बुडत नाही. किमान सहा महिने भरले पाहिजेत; महिला, अनुसूचित जाती आणि जमातींना तीन. शिक्षा झाली असेल तर खटल्याआधीची कोठडी धरतात, तुकड्यातुकड्यांतला तुरुंगवास एकत्र मोजतात. म्हणून निकालपत्राइतकाच अटकेच्या आणि सुटकेच्या तारखेचा कागद मोलाचा.

खर्च करण्याआधी नातं तपासा. सैनिकाच्या मृत्यूनंतर पेन्शन मिळते ती पती वा पत्नी, अविवाहित बेरोजगार मुली आणि आई-वडील, एवढ्यांनाच. मुलगा-नातू यात नाहीत. ऐकायला कडू आहे, पण कागदांसाठीच्या पणजीच्या खेपा वाचतील.

कागद घरी नसतील तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात आधी विचारा. मजकूर पोर्तुगीज असेल तर भाषांतराचा खर्च सगळ्यात जड. दर आधी लेखी घ्या, आणि पूर्ण खटला नव्हे, नाव, कलम, तारखा असलेली पानंच करून घ्या. केंद्रीय गृह मंत्रालयातल्या जुन्या फाइलचं काय झालं हे माहिती अधिकारात 10 रुपयांत विचारता येतं, प्रतीला पानामागे 2 रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. सरकारी नोंद मिळालीच नाही, तर राज्य सरकारकडून तसा दाखला आणि सहबंद्यांची प्रमाणपत्रं लागतात. सहबंदी आता फारसे उरलेले नाहीत, ही खरी अडचण.

उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये सांगितलं, मात्र पैसे अर्ज पोचल्याच्या तारखेपासूनच. थकबाकी ‘काढून देणाऱ्या’ एजंटाला टक्केवारी कबूल करण्यापूर्वी हे वाक्य त्याला वाचून दाखवा.