पशुखाद्यांतील बुरशीविष आणि यीस्टची भुकटी

पावसाळ्यांत पेंडीच्या पोत्यास ओल लागून बुरशी चढली, तर वरचा थर खरवडून टाकून उरलेली पेंड जनावरांस घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. बुरशी दिसेनाशी झाली म्हणजे अपाय टळला, हा समज घातक आहे. बुरशी झाडून टाकली तरी तिनें पेंडींत सोडलेलें विष तसेंच राहतें, व तें उकळण्यानें किंवा शिजविण्यानें नाहींसें होत नाहीं. या विषावर उपाय म्हणून यीस्टच्या पेशीभित्तिकांची भुकटी बाजारांत मिळते. तिचा उपयोग किती व कोठें, हें शेतकरी बंधूंनीं नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

सन १९६० मध्यें इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्याच काळांत मेले. शोधाअंतीं दोष त्यांच्या खाद्यांतील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीकडे आला. त्या पेंडींत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचें विष आढळलें. त्यासच अफ्लाटॉक्सिन म्हणतात. पुढें १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा व गुजरातेंतील पंचमहाल या भागांत बुरसलेला मका खाल्ल्यामुळें शंभरावर माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं.

हें विष गाईच्या पोटांतून दुधांतही उतरतें. आंबोणाच्या दर किलोंत २०० मायक्रोग्रॅम विष आहे व गाय रोज ४ किलो आंबोण खाते, असें समजूं. म्हणजे रोज ८०० मायक्रोग्रॅम विष पोटांत गेलें. त्यांतील शेंकडा २ भाग दुधांत उतरला व गाय १० किलो दूध देत असली, तर दर किलो दुधांत १.६ मायक्रोग्रॅम विष येईल. आपल्या देशांत दुधास कायद्यानें घातलेली मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. असें दूध आपलींच मुलें पितात, हें विसरूं नये.

आतां भुकटीविषयीं. पाव फुगविण्यास व मद्य आंबविण्यास लागणारें यीस्ट हा एकपेशीय जीव होय. त्याच्या पेशींतील रस काढून घेतल्यावर जें टरफल उरतें, ती पेशीभित्तिका. तींत बीटा-ग्लुकन व मॅनन या पदार्थांचें जाळें असतें. बीटा-ग्लुकनचे धागे मळसूत्राप्रमाणें पिळलेले असून त्यांवर कांहीं विषांचे कण चिकटून बसतात. असें बांधलेलें विष रक्तांत न शिरतां शेणावाटे बाहेर पडतें. विषाचा नाश होत नाहीं. तें केवळ अडकविलें जातें.

परंतु सर्वच विषें तिला सारखीं चिकटत नाहींत. मक्यावर येणाऱ्या फ्युझेरियम बुरशीचें झिअरालेनोन नांवाचें विष डुकरिणींस खोटा माज आणतें. तें ही भुकटी चांगलें धरते. अफ्लाटॉक्सिनवर मात्र बेंटोनाइट माती अधिक गुणकारी असून युरोपांत त्या कामासाठीं तिला २०१३ सालीं मान्यता मिळाली. फ्युझेरियमचेंच डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हें विष दोहोंसही फारसें दाद देत नाहीं. म्हणून भुकटी कोणत्या विषावर आहे, हें विचारल्यावांचून ती घेऊं नये. सामान्यतः एक टन खाद्यास अर्धा ते दोन किलो भुकटी घालतात. ती प्रथम थोड्या कोंड्यांत कालवून मग सर्व खाद्यांत मिसळावी. एरवीं ती सर्वत्र सारखी पसरत नाहीं.

वरील हिशेबांत भुकटीनें निम्मे विष अडविलें असें धरलें, तरी दुधांत ०.८ मायक्रोग्रॅम उरतेंच. म्हणजे मर्यादा ओलांडलेलीच राहते. उलट, खाद्यांत विष २० मायक्रोग्रॅमच्या आंत असलें, तर त्याच हिशेबानें दुधांत ०.१६ पेक्षां अधिक येत नाहीं. यावरून काय घ्यावयाचें तें स्पष्ट आहे. खरी राखण खळ्यांत व कोठारांत होते. भुकटी ही तिच्या मागची दुसरी फळी होय.

भुईमुगाच्या शेंगा काढल्याबरोबर उन्हांत वाळवाव्या. दाण्यांतील ओल शेंकडा ८ हून कमी व मक्यांतील १२ च्या आसपास आल्यावरच माल सांठवावा. फुटके, सुरकुतलेले व किडके दाणे निवडून काढावे, कारण विष बहुधा त्यांतच सांठतें. पोतीं लांकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीं. पावसाळ्यांत पेंड थोडी थोडी आणावी. बुरसलेली पेंड दुभत्या व गाभण गाईंस, वासरांस आणि कोंबड्यांस मुळींच घालूं नये; ती खड्ड्यांत पुरावी व हाताळतांना नाकास फडकें बांधावें. पोत्याचें नुकसान एकदांच होतें. यकृत बिघडलेल्या गाईचें नुकसान मात्र तिच्या दुधांत व वेतांत पुढें कित्येक दिवस भोगावें लागतें.